वकिली बॅप्टिस्टांची, युक्तिवाद स्वतःचा: अलेक्झांडर कॅम्पबेल, १८१२ ते १८३०

१८२३ च्या सप्टेंबरात रेडस्टोन बॅप्टिस्ट असोसिएशनची वार्षिक बैठक भरली, तेव्हा अलेक्झांडर कॅम्पबेल या बॅप्टिस्ट पाळकाच्या विरोधकांनी तयारी पुरेपूर केली होती. पश्चिम पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या मंडळ्यांतून (म्हणजे स्थानिक चर्चमधून) या खेपेला प्रतिनिधी येताना, ते त्याला काढायच्या बाजूने हात वर करणारे असावेत हे पाहून घेतलं होतं. ब्रश रन या त्याच्या मंडळीचं पत्र वाचलं गेलं. त्यात कॅम्पबेलचं नावच नव्हतं. तो स्वतः मात्र समोर बसलेला, निव्वळ प्रेक्षक म्हणून. हे काय, अशी विचारणा झाली. उत्तर सरळ होतं: आपण आता ब्रश रनचे सभासद नाही, व्हर्जिनियात वेल्सबर्गला नवी मंडळी स्थापन झाली आहे, आपण तिचे सभासद आहोत, आणि ती मंडळी रेडस्टोनमध्ये नाही. ज्याला बाहेर काढायचं तो आधीच बाहेर पडलेला, तोही रीतसर पत्र घेऊन, सुमारे तीस सभासदांसह.

ही पळवाट होती हे मान्य करायला हरकत नाही. पण ती समजण्यासाठी बॅप्टिस्टांची घडण ठाऊक हवी. हा पंथ तान्ह्या मुलांना नव्हे, स्वतः विश्वास ठेवणाऱ्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारा. त्यांच्यात बिशप नाही, वरून हुकूम सोडणारी संस्था नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी आपली मालक. असोसिएशन म्हणजे अशा मंडळ्यांनी वर्षातून एकदा प्रतिनिधी आणि पत्र पाठवून भरवलेली बैठक. तिला पाळकाला दंड करता येत नाही. एखाद्या मंडळीशी संबंध तोडता येतात, एवढंच. पण ते ‘एवढंच’ पुष्कळ असतं. संबंध तुटला की शेजारच्या मंडळ्यांचे व्यासपीठ बंद, आणि माणूस ‘प्रतिष्ठित बॅप्टिस्ट’ उरत नाही. पुढच्याच महिन्यात, १५ ऑक्टोबरला, कॅम्पबेलला केंटकीत एका प्रेस्बिटेरियन, म्हणजे तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या, पाळकासमोर जाहीर वादासाठी उभं राहायचं होतं, तेही बॅप्टिस्टांचा माणूस म्हणून. सप्टेंबरात नाव कापलं गेलं असतं तर समोरच्याला पहिल्याच भाषणात आयतं कोलीत मिळालं असतं.

बॅप्टिस्टांचा सर्वांत यशस्वी वादपटू बॅप्टिस्टांकडूनच हद्दपार होण्याच्या बेतात होता, आणि दोन्ही गोष्टींचं मूळ एकच होतं. ज्या युक्तिवादाने तो बालबाप्तिस्म्याच्या समर्थकांना गप्प करत होता, तोच युक्तिवाद आणखी दोन पावलं पुढे नेला की बॅप्टिस्टांच्या घरातल्या वस्तू फुटू लागत. या प्रकरणात पाहायचं ते हेच: कोणता मुद्दा कुठे वापरला, आणि त्याचं बिल कुठे आलं.

ओढ्यावर नेलेलं गाठोडं

जन्म १२ सप्टेंबर १७८८, आयर्लंडचा अँट्रिम परगणा. बाप थॉमस हा प्रेस्बिटेरियनांतल्या सिसीडर शाखेचा पाळक. १८०७ मध्ये तो अमेरिकेला गेला. मागून निघालेल्या कुटुंबाचं जहाज १८०८ च्या ऑक्टोबरात स्कॉटलंडच्या आयला बेटाशी खडकावर लागलं. माणसं वाचली, पण पुढचा प्रवास लांबला, आणि त्या मुक्कामात अलेक्झांडरला ग्लासगो विद्यापीठात शिकायला मिळालं. १८०९ मध्ये तो पेनसिल्व्हेनियात पोचला तोवर बापाचं आपल्या सिनडशी (पंथाच्या वरिष्ठ सभेशी) फाटलेलं. थॉमसने आपल्या सोबत्यांपुढे एक सूत्र ठेवलं होतं: शास्त्र जिथे बोलतं तिथे आपण बोलायचं, शास्त्र जिथे गप्प तिथे आपण गप्प. सभेतल्या एका पुस्तकविक्रेत्याने तिथल्या तिथे शंका काढली की हे धरलं तर तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा संपला म्हणायचा. थॉमसला ते तेव्हा पटलं नाही.

शंका तीन वर्षं तशीच पडून राहिली. १८११ मध्ये ब्रश रन मंडळी उभी राहिली, १ जानेवारी १८१२ ला अलेक्झांडरला पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि मार्चमध्ये त्याला पहिली मुलगी झाली. आता प्रश्न घरातला झाला: हिच्यावर पाणी शिंपडायचं की नाही? त्याने ग्रीक शब्द पाहिला, नव्या करारातले प्रसंग पाहिले, आणि निष्कर्ष असा निघाला की मुलीचं राहू द्या, आपलाच बाप्तिस्मा झालेला नाही.

मॅथायस ल्यूस या बॅप्टिस्ट पाळकाला बोलावलं. कॅम्पबेलने एक अट घातली. बॅप्टिस्टांत त्या काळी बाप्तिस्म्याआधी उमेदवाराने मंडळीपुढे आपल्या ‘अनुभवाची’ कहाणी सांगायची रीत होती: पापाची जाणीव कशी झाली, किती तळमळ झाली, शांती कधी मिळाली. मग मंडळी मत देई. कॅम्पबेल म्हणाला, नव्या करारात असलं काही नाही. येशू देवाचा पुत्र आहे एवढा अंगीकार पुरे. ल्यूसने का-कू करत मानलं. १२ जून १८१२ ला बफेलो क्रीक या ओढ्यावर सगळे जमले, तेव्हा थॉमसने सहज सांगितलं की आपल्या बायकोने दोघांसाठी बदलायचे कपडे बांधून आणलेत. म्हातारा-म्हातारीही पाण्यात उतरणार हे घरच्यांना त्या गाठोड्यावरून कळलं. भाषणं सुमारे सात तास चालली आणि सात जण बुडवले गेले.

त्या दिवशीची अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बॅप्टिस्टांत येताना त्याने बुडवण्याची रीत घेतली, अनुभवकथनाची दारातच ठेवली. ब्रश रन मंडळी रेडस्टोन असोसिएशनमध्ये दाखल झाली तेव्हाही तसंच. बॅप्टिस्ट असोसिएशन सहसा १७४२ च्या फिलाडेल्फिया विश्वासांगीकारावर, म्हणजे श्रद्धेची कलमं मांडणाऱ्या लेखी मसुद्यावर, चालत. ब्रश रनने लेखी कळवलं की मानवरचित विश्वासांगीकार आम्हाला बंधनकारक नाहीत. रेडस्टोनने बहुमताने घेतलं. अल्पमत नाराज राहिलं आणि वाट पाहत बसलं.

त्यांना पहिलं निमित्त १ सप्टेंबर १८१६ ला क्रॉस क्रीकच्या बैठकीत मिळालं. कॅम्पबेलने तिथे नियमशास्त्रावर प्रवचन केलं. मुद्दा असा की मोशेचं नियमशास्त्र ख्रिस्ती माणसावर बंधनकारक उरलेलं नाही. जे बंधनकारक आहे ते ख्रिस्त आणि प्रेषितांनी सांगितलं म्हणून. आज हे सौम्य वाटतं. पण बॅप्टिस्ट प्रवचनकाराची कामाची पद्धतच अशी होती की आधी नियमशास्त्र दाखवून पाप्याला घाबरं करायचं, मग कृपेचं औषध द्यायचं. कॅम्पबेलने पहिली पायरीच काढून घेतली. शिवाय फिलाडेल्फिया अंगीकारात नैतिक नियम सदैव लागू असल्याचं स्पष्ट कलम होतं.

माउंट प्लेझंट, जून १८२०: दोन मिनिटांचा पूर्वपक्ष

वादाची सुरुवात त्याने केली नाही. ओहायोत माउंट प्लेझंटच्या बाजूला बर्च नावाच्या बॅप्टिस्ट पाळकाने बऱ्याच लोकांना बाप्तिस्मा दिला. त्यावर सिसीडर पाळक जॉन वॉकरने बालबाप्तिस्म्याची बाजू घेतली, आणि गोष्ट जाहीर वादापर्यंत गेली. बर्चने कॅम्पबेलला एकामागून एक तीन पत्रं लिहिली. थॉमसला जाहीर वाद पसंत नव्हता, म्हणून मुलगा आढेवेढे घेत होता. शेवटी तयार झाला.

ठरलेले नियम थोडके होते. प्रत्येकाला एका वेळी ४० मिनिटं, हवी तर सगळी वापरा. वॉकरने सुरुवात करायची, कॅम्पबेलने समारोप. दोघांनी एकेक मध्यस्थ निवडायचा. मध्यस्थाने शिस्त राखायची, कोण जिंकलं हे सांगायचं नाही. आधी बाप्तिस्मा कुणाला द्यायचा यावर बोलायचं, मग कसा द्यायचा यावर. भाषा सभ्य. आणि शेवटचा नियम: लोकांना ऐकावंसं वाटेल तोवर, किंवा एका पक्षाचं समाधान होईल तोवर, किंवा मध्यस्थांना पुरे वाटेल तोवर वाद चालेल.

हा शेवटचा नियम कच्चा. तीन ‘किंवा’ असले की प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा धरतो. पुढच्या वादांत दिवस आणि भाषणांची वेळ जास्त काटेकोर ठरवली गेली ती यामुळेच असावी. मध्यस्थाला निकालाचा अधिकार नसणं मात्र शहाणपणाचं होतं. निकाल द्यायचा म्हटलं तर दोन्ही पक्षांना चालेल असा माणूस मिळतच नाही. आपल्याकडच्या शास्त्रार्थात हरलेल्याने मत सोडायचं असा दंडक कथांतून येतो. इथे तशी अपेक्षाच नव्हती. वाद श्रोत्यांसाठी होता, आणि त्याहून जास्त वाचकांसाठी.

१९ जूनला वॉकर उभा राहिला आणि ४० मिनिटांतली जेमतेम दोन-तीन वापरून बसला. त्याचा पूर्वपक्ष असा: बाप्तिस्मा सुंतेच्या जागी आला. यहुदी मंडळी ज्या करारावर उभी होती त्याच करारावर ख्रिस्ती मंडळी उभी आहे; त्या कराराची मोहोर सुंता होती, आता बाप्तिस्मा आहे. तेव्हा आठ दिवसांच्या मुलाला मोहोर लागत असे, म्हणून आता विश्वासणाऱ्यांच्या तान्ह्या मुलांनाही ती लागली पाहिजे.

मांडणी लहान आहे पण कमकुवत नाही. प्रेस्बिटेरियनांसारख्या सुधारित पंथांचा बालबाप्तिस्मा याच खांबावर उभा होता. बॅप्टिस्टांची नेहमीची पद्धत म्हणजे या खांबाला बगल देऊन नव्या करारात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा दाखवा असं आव्हान द्यायचं. कॅम्पबेलने बगल दिली नाही. त्याने ‘जागी आला’ हे शब्द पकडले आणि ते अक्षरशः खरे मानले तर काय होईल ते मोजून दाखवलं. सुंता फक्त मुलग्यांची. मग मुलींना बाप्तिस्मा कसा देता? सुंता आठव्या दिवशी. तुम्ही दिवस का पाळत नाही? ती घरच्या माणसाने करायची, याजकाने नव्हे. मग पाळक कशाला? ती विकत घेतलेल्या दासाचीही व्हायची, त्याचा विश्वास असो नसो. मग घरातल्या नोकरांना का वगळता? आणि सुंता झालेल्या हजारो यहुद्यांना प्रेषितांनी पुन्हा बाप्तिस्मा का दिला? एकाच्या जागी दुसरं आलं असेल तर एका माणसाला दोन्ही कशाला?

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्याने खांबाच्या पायालाच हात घातला: करार एकच नाही, दोन वेगळे आहेत. अब्राहामाशी झालेला सुंतेचा करार एका वंशाशी, जमिनीशी, ऐहिक आशीर्वादांशी बांधलेला होता. नवा करार वेगळा, त्याचे सभासद वेगळ्या वाटेने येतात. हे म्हणजे १८१६ चं प्रवचनच, फक्त तोंड प्रेस्बिटेरियनांकडे केलेलं. क्रॉस क्रीकला ज्याच्यामुळे बॅप्टिस्ट चिडले होते त्यानेच माउंट प्लेझंटला त्यांचा माणूस जिंकत होता. ऐकणाऱ्या बॅप्टिस्टांपैकी किती जणांनी हा ताळा मांडला असेल?

समारोपात त्याने उघड आव्हान दिलं: बालबाप्तिस्मा मानणाऱ्या कोणाही प्रतिष्ठित पाळकाशी याच विषयावर वाद करायला तयार आहे.

छापखाना

बोललेलं वाऱ्यावर जातं. म्हणून या वादांत खरा डाव छापील पुस्तकाचा असतो, आणि तिथे पहिला प्रश्न: टिपणं कुणाची? माउंट प्लेझंटला धंदेवाईक लघुलेखक नव्हता. कॅम्पबेलने आपल्या आणि आपल्या बाजूच्या टिपणांवरून पुस्तक तयार केलं. ते खपलं, १८२२ मध्ये पिट्सबर्गला दुसरी आवृत्ती निघाली, आणि मधल्या काळात सॅम्युएल राल्स्टन या प्रेस्बिटेरियनाने मासिकात घेतलेल्या आक्षेपांची उत्तरंही तिला जोडली गेली. वॉकर दोन दिवस बोलला. वाचकांपर्यंत तो पोचला प्रतिस्पर्ध्याच्या हातून.

पुढच्या, केंटकीत मॅकॅला या प्रेस्बिटेरियनाशी झालेल्या वादात तेच झालं आणि समोरच्याने तक्रार केली. १८२४ मध्ये कॅम्पबेलने मॅकॅलाशी झालेल्या वादाचं पुस्तक स्वतःच्या छापखान्यातून काढलं. मॅकॅलाने आपली बाजू मांडणारं वेगळं पुस्तक फिलाडेल्फियाहून काढलं ते १८२८ मध्ये. चार वर्षांची आघाडी मोडणं अवघड. मुंबईच्या किनाऱ्यावर १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनऱ्यांचे वाद झाले, तिथेही क्रम असाच: जॉर्ज बोवेनने संपादलेला इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी छापून आला, मराठी ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ १८७२ मध्ये. तेव्हा अशा वादाचं पुस्तक हाती घेताना मुखपृष्ठावरच्या दोन नावांआधी ते कुणी छापलं हे पाहावं.

स्वतःचा छापखाना कॅम्पबेलने १८२३ मध्ये घातला तो मासिकासाठी. मासिकाला नुसतं ‘ख्रिश्चन’ नाव द्यायचा त्याचा विचार होता. सोबती वॉल्टर स्कॉटने सुचवलं की वाचक बॅप्टिस्टच असणार, तर नावात तो शब्द असू द्या, लोक बिचकणार नाहीत. म्हणून ‘ख्रिश्चन बॅप्टिस्ट’. वर्गणी वर्षाला एक डॉलर. सात वर्षं चाललेल्या या मासिकात पगारी पाळकशाही, विश्वासांगीकार, मिशनरी सोसायट्या, असोसिएशनांचा अधिकार, सगळ्यांवर कोरडे होते. निकष एकच: नव्या करारात दाखवा. १८१४ पासून अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनसाठी गावोगाव निधी गोळा करत होते. त्यांच्याच नावाचं मासिक त्यांनाच विचारू लागलं की हे कुठे लिहिलंय?

केंटकी, ऑक्टोबर १८२३

खुलं आव्हान स्वीकारलं केंटकीतल्या ऑगस्टाच्या डब्ल्यू. एल. मॅकॅला या प्रेस्बिटेरियन पाळकाने. वकिली करून मग पाळक झालेला माणूस. ठिकाण मेसन परगण्यातलं वॉशिंग्टन गाव. ओहायो नदीला पाणी इतकं कमी की आगबोटी बंद; कॅम्पबेल सुमारे ३०० मैल घोड्यावर गेला. सोबत पिट्सबर्गचा बॅप्टिस्ट पाळक सिडनी रिग्डन, टिपणं घेण्यासाठी. हाच रिग्डन पुढे मॉर्मन या नव्या पंथाचा मोठा नेता झाला.

वाद सात दिवस चालला. मॅकॅला तयार करून आणलेल्या मांडणीला धरून राहिला. समोरून आलेल्या उत्तराला भिडण्यापेक्षा पुढचं कलम वाचण्याकडे त्याचा कल. वकिलाला ही सवय न्यायालयात चालते, कारण तिथे निकाल देणारा न्यायाधीश सगळे कागद नंतर वाचतो. सभेत श्रोते फक्त टक्कर लक्षात ठेवतात.

कॅम्पबेलने या खेपेला नवं शस्त्र काढलं. बाप्तिस्मा कुणाला आणि कसा, यापेक्षा तो कशासाठी, हा प्रश्न. प्रेषितांची कृत्ये २:३८ मध्ये पेत्र सांगतो, पश्चात्ताप करा आणि पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या. मग ज्याच्या नावावर अजून पाप नाही, ज्याला पश्चात्ताप करता येत नाही, त्या तान्ह्या जिवाला क्षमेचा विधी कशासाठी? वादाच्या दृष्टीने हा डाव बिनतोड होता, कारण तो वय, पाणी, सुंता यांच्या सगळ्या जुन्या भांडणांना ओलांडून जातो.

पण त्याची दुसरी धार बॅप्टिस्टांकडे होती. बॅप्टिस्टांच्या मते क्षमा विश्वासाच्या क्षणी मिळते. बाप्तिस्मा ही तिची जाहीर खूण. म्हणून तर आधी ‘अनुभव’ ऐकायचा: क्षमा मिळाल्याची खात्री झाली की मग पाणी. कॅम्पबेलने तोल सांभाळत म्हटलं की पौलाला विश्वास ठेवला तेव्हा वस्तुतः क्षमा मिळाली, पण तिची रीतसर ग्वाही बाप्तिस्म्यातच मिळाली. ‘वस्तुतः’ आणि ‘रीतसर’ या दोन शब्दांवर त्या आठवड्यात बॅप्टिस्ट समाधानी राहिले. जिंकत असलेल्या वकिलाला अशील मध्येच अडवत नाही.

त्याने मात्र लपवून ठेवलं नाही. वाद चालू असतानाच एका संध्याकाळी, मुक्कामाच्या घरी केंटकीतले प्रमुख बॅप्टिस्ट पाळक जमले होते. त्यांना त्याने सांगितलं की माझ्याविषयी तुम्हाला पुरतं ठाऊक झालं तर प्रेस्बिटेरियनांवर माझा जेवढा राग आहे जवळजवळ तेवढाच तुमच्यावर आहे असं दिसेल. आणि ‘ख्रिश्चन बॅप्टिस्ट’चे तोवर निघालेले अंक हातात ठेवले, वाचून बघा म्हणाला. त्यांनी वाचले. त्यांना आवडले. वाद संपल्यावर केंटकीभर प्रवचनांची आमंत्रणं आली, वर्गणीदार मिळाले, आणि ‘रॅकून’ जॉन स्मिथसारखे तिथले लोकप्रिय बॅप्टिस्ट पाळक पुढे त्याच्या बाजूला गेले. केंटकीतल्या बॅप्टिस्टांनी त्याला फसून घेतलं असं म्हणणाऱ्यांनी ही संध्याकाळ विसरू नये.

बिल

रेडस्टोनमधून निसटल्यावर वेल्सबर्ग मंडळी ओहायोतल्या महोनिंग असोसिएशनमध्ये गेली. तिथलं वातावरण मोकळं होतं. १८२६ मध्ये कॅम्पबेलने नव्या कराराची स्वतःची इंग्रजी आवृत्ती काढली. जॉर्ज कॅम्पबेल, मॅकनाइट आणि डॉड्रिज या तिघांच्या भाषांतरांवर ती आधारलेली होती; हा जॉर्ज त्याचा नातेवाईक नव्हे. तिच्यात ‘बाप्तिस्मा देणे’च्या ठिकाणी सरळ ‘बुडवणे’ असा इंग्रजी शब्द घातला. ग्रीक शब्द तसाच ठेवायचा आणि मग शिंपडायचं की बुडवायचं यावर भांडायचं, हा मार्गच त्याने बंद केला. बॅप्टिस्टांना यात आनंद व्हायला हवा होता. पण बाप्तिस्मा करणारा योहान झाला ‘बुडवणारा योहान’, आणि ज्या शब्दावरून पंथाला नाव मिळालं तो शब्दच पुस्तकातून गेला.

हा शब्द हिंदुस्थानातही पेटला. बंगालीतल्या बॅप्टिस्ट भाषांतरकारांनी तो ‘बुडवणे’ या अर्थाने भाषांतरित केला, आणि त्या कारणावरून १८३० च्या दशकात ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्या आवृत्तीला मदत नाकारली. मराठी बायबलात ग्रीक शब्दच ‘बाप्तिस्मा’ होऊन बसला, म्हणजे दोन्ही पक्षांना आपापला अर्थ घालायची सोय राहिली.

१८२७ मध्ये महोनिंगने वॉल्टर स्कॉटला फिरता सुवार्तिक नेमलं. केंटकीत जे वादातलं शस्त्र होतं ते स्कॉटने रोजच्या वापराचं अवजार केलं: विश्वास, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, पापक्षमा, पवित्र आत्म्याचं दान, मुलांना हाताच्या पाच बोटांवर मोजून दाखवता येईल असं. अनुभवकथन नाही, मंडळीचं मतदान नाही. आज ऐकलं, आज पाण्यात. ‘वस्तुतः’ आणि ‘रीतसर’ हा भेद या वेगात टिकणं शक्यच नव्हतं.

आता शेजारच्यांचा धीर सुटला. १८२९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर असोसिएशनने महोनिंगशी संबंध तोडले आणि चुकांची यादी प्रसिद्ध केली. हे लोक म्हणतात बाप्तिस्म्याशिवाय तारणाचं वचन नाही. येशू देवाचा पुत्र आहे एवढं म्हणणाऱ्याला इतर काही न विचारता बाप्तिस्मा देतात. बाप्तिस्म्याआधी आत्मा मनावर थेट काम करत नाही म्हणतात. बाप्तिस्म्याने पापक्षमा होते म्हणतात. विश्वासांगीकाराची गरज नाही म्हणतात. बाप्तिस्मा झालेला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो म्हणतात. यादी विरोधकाची आहे, म्हणून जरा ठोकळेबाज. पण १८१२ ची ओढ्यावरची अट, रेडस्टोनला दिलेलं लेखी निवेदन आणि केंटकीतला युक्तिवाद या तिन्ही गोष्टी तिच्यात ओळखू येतात. केंटकीतल्या असोसिएशनांनी ही यादी उचलली आणि मंडळ्या मधोमध दुभंगल्या. तिथल्या बॅप्टिस्टांचे सुमारे १०,००० सभासद या फुटीत गेले असं धरलं जातं. व्हर्जिनियात डोव्हर असोसिएशनने १८३२ मध्ये तेच केलं.

खुद्द महोनिंगने १८३० मध्ये ऑस्टिनटाउनच्या बैठकीत स्वतःलाच विसर्जित केलं. नव्या करारात असोसिएशन नाही, तर आपण कशाला? कॅम्पबेलला हे घाईचं वाटलं होतं. त्याचाच निकष त्याच्या पुढे धावला. त्याच वर्षी ‘ख्रिश्चन बॅप्टिस्ट’ बंद झालं आणि ‘मिलेनियल हार्बिंजर’ निघालं. स्कॉटने घालायला लावलेला शब्द गेला.

या धामधुमीतच, एप्रिल १८२९ मध्ये, सिनसिनाटीला समाजसुधारक रॉबर्ट ओवेनशी त्याचा प्रसिद्ध वाद झाला. सगळे धर्म अज्ञानातून निघाले असं ओवेनचं म्हणणं. आठ दिवस, अर्ध्या-अर्ध्या तासाची भाषणं, सात मध्यस्थ, आणि या खेपेला खरा लघुलेखक. कीर्ती मोठी, वाद म्हणून फसलेला: ओवेनने मनुष्यस्वभावाचे आपले बारा नियम पुन्हा पुन्हा वाचले आणि त्याच्याजवळचं संपलं, मग कॅम्पबेल तुकड्यातुकड्याने बारा तास एकटाच बोलला. विधान ठरवताना ते दोघांनाही नाकारता किंवा सिद्ध करता येईल असं नसलं की हे होतं. श्रोत्यांत फ्रान्सिस ट्रॉलप ही इंग्रज लेखिका होती. शहरातल्या आस्तिक-नास्तिकांची संख्या शेवटी होती तेवढीच राहिली असं लोक म्हणत, ही तिची नोंद बोचरी आणि बहुधा बरोबर आहे. आमच्या प्रकरणाच्या दृष्टीने एवढंच महत्त्वाचं की इथे त्याला बॅप्टिस्ट असण्याची गरज उरली नव्हती. साऱ्या ख्रिस्ती धर्माची वकिली होती.

१८३७ मध्ये कॅथलिक बिशप पर्सेलशी वाद झाला. शेवटचा मोठा वाद १८४३ च्या नोव्हेंबरात लेक्सिंग्टनला, प्रेस्बिटेरियन एन. एल. राइसशी, हेन्री क्ले या बड्या राजकारण्याच्या अध्यक्षतेखाली, सोळा दिवस. या वेळी सगळं आधी कागदावर होतं: सहा विधानं, प्रत्येकाचा मांडणारा ठरलेला. पहिली दोन जुनीच, बुडवणं आणि तान्ही मुलं. उरलेल्या चारांत तिसरं असं की बाप्तिस्मा पूर्वीच्या पापांच्या क्षमेसाठी आहे. चौथं, तो दीक्षित पाळकानेच द्यावा. हे राइसने मांडायचं. पाचवं, आत्मा वचनाद्वारेच काम करतो. सहावं, मानवी विश्वासांगीकार फूट पाडणारे आहेत. बीव्हरची यादी शेजारी ठेवली तर ही चारही कलमं तिच्यात सापडतात.

राइसच्या बाजूला क्षमेच्या, आत्म्याच्या आणि विश्वासांगीकाराच्या कलमांवर जे बोललं गेलं त्यातलं बरंचसं कुठल्याही केंटकी बॅप्टिस्टाने मान डोलावून ऐकलं असतं.